आमच्या गावात सोयाबीनची शेतीशाळा येतेय, ती कागदावर न राहता शेतात उतरावी यासाठी काय करावं?

मांजराकाठ | २१ एप्रिल २०२६, रात्री ९:१२

राम राम मंडळी. कळंब तालुक्यातून लिहितोय. बदलत्या हवामानात शेती टिकावी म्हणून राज्य सरकारनं काढलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, म्हणजे आपल्या पोकराच्या, दुसऱ्या टप्प्यात आमच्या गावाचं नाव लागलं आहे. पहिला टप्पा २०१८ साली सुरू झाला तेव्हा शिवेपलीकडचं गाव यादीत होतं, आम्ही नव्हतो. आता ग्रामसभा झाली, समिती झाली आणि येत्या खरिपात सोयाबीनची शेतीशाळा, म्हणजे शेतातच हंगामभर भरणारे वर्ग, घ्यायचं ठरलं. यजमान शेतकरी म्हणून माझं नाव पुढं आलंय. रस्त्याच्या कडेचं एक एकर मी त्यासाठी द्यायला तयार आहे.

धागा काढायचं कारण असं की प्रशिक्षण म्हटलं की आमच्याकडं लोक जागचे हलत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. आजवरची बरीच प्रशिक्षणं तालुक्याच्या ठिकाणी सभागृहात झाली. पडद्यावर चित्रं, एका दिवसात माती परीक्षणापासून निर्यातीपर्यंत सगळं, दुपारचं जेवण, सह्या, गटाचा फोटो. माणूस फाईल आणि पिशवी घेऊन घरी आला आणि जूनमध्ये वडिलांनी पेरलं तसंच पेरलं.

आता तसं चालण्यासारखं राहिलं नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशाच्या नोंदीत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. ऐन फुलोऱ्यात सोयाबीन माना टाकून उभं होतं. आणि गेल्या सप्टेंबरात त्याच वावरात पाणी साचलं, काढणीला आलेल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. नदीकाठच्या लोकांची तर मातीच गेली. एकाच रानाला एका वर्षी ओल पुरत नाही आणि दुसऱ्या वर्षी पाणी निघत नाही, तर शिकवायचं काय आणि कोणत्या क्रमानं? ज्यांनी शेतीशाळा चालवली किंवा पाहिली आहे त्यांनी मोकळेपणानं सांगावं.

निवृत्त_कृस | २१ एप्रिल, रात्री १०:४०

कृषी सहाय्यक म्हणून नोकरीचा बहुतेक काळ लातूर-धाराशिव पट्ट्यात गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला वर्ग पेरणीनंतर ठेवला तर निम्मी शेतीशाळा हातची गेली असं समजा. सोयाबीनचं बरंचसं नशीब पेरणीच्या दिवशीच ठरतं. त्यामुळे पहिला वर्ग मेच्या मध्यावर घ्या आणि विषय एकच ठेवा: घरच्या बियाण्याची उगवण चाचणी. यंदा तर हा वर्ग टाळूच नका. गेल्या हंगामात काढणीला पाऊस लागलेला आहे. सोयाबीनचं साल पातळ, बीजांकुर सालाला लागूनच असतो. भिजून सुकलेला दाणा वरून बरा दिसतो आणि मातीत गेला की कुजतो.

पद्धत तुम्हाला माहीत असेल, तरी नव्या लोकांसाठी सांगतो. प्रत्येकानं आपल्या पोत्यातून मूठभर बी आणायचं. वेगवेगळ्या थरांतून काढायचं, वरवरचं नाही. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायची आणि चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बी पेरण्यालायक. ज्याच्या पोत्यातले चाळीसच उगवले त्याला भाषण द्यावं लागत नाही.

दुसरा वर्ग बीजप्रक्रियेचा. हा तोंडी घेऊ नका, घमेलं आणि बी घेऊन बसा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. हा क्रम उलटला तर जिवाणू मरतात. बी जोरात चोळायचं नाही, साल सुटतं. सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

तिसरा वर्ग रुंद सरी वरंब्याचा, म्हणजे बीबीएफचा, आणि तो यंत्र शेतात उभं असतानाच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी झाला तर सरीत मुरलेली ओल वरंब्याला पुरते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं आणि मुळांना हवा मिळते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं काळ्या भारी जमिनीसाठी ही पद्धत १९७० च्या दशकात बसवली. सपाट पेरणीला एकरी ३० किलो बी लागतं, बीबीएफवर २० ते २२ किलोत भागतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, हेही त्याच वर्गात ठरवून घ्या. एकट्याला धीर धरवत नाही. शेजारी पेरताना दिसला की माणूस पेरतोच. गटानं ठरवलं तर थांबवतं.

आणखी एक. तुमच्या एकराला लागूनच तुलनेचा तुकडा ठेवा. तिथं तुमची नेहमीचीच पद्धत, तेच बी, तीच तारीख. तो नसेल तर दिवाळीत लोक म्हणतील, "त्याची जमीनच भारी आहे."

धुऱ्यावरून | २२ एप्रिल, सकाळी ७:०५

अकोट तालुक्यातून लिहितो. आमचा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल, पण भुईतलं पाणी खारं, ओलिताला कामाचं नाही. म्हणून पोकराच्या पहिल्या टप्प्यातल्या ५,१४२ गावांत आमच्या पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी धरली होती. आमचं सगळं वरच्या पाण्यावर आहे, त्यामुळे शेतीशाळेतलं काय टिकलं आणि काय नाही ते सांगतो.

बीबीएफ चांगलंच आहे, पण गावात यंत्र एक आणि वापसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं झालं, की पेरणी सगळ्यांची एकाच वेळी. ज्याचा नंबर चौथ्या दिवशी तो थांबत नाही, साध्या यंत्रानं पेरून मोकळा होतो. आमच्याकडं खरं रुजलं ते पट्टापेर, कारण त्याला नवं काही घ्यावं लागत नाही. सात दात्यांच्या पेरणी यंत्राचं मधलं, म्हणजे चौथं दातं बंद करायचं. जाता-येता सहा ओळी पडतात आणि मध्ये एक जागा रिकामी राहते. कडेचं दातं बंद केलं तर येताना रिकाम्या ओळी एकमेकींना लागतात आणि सगळं बिघडतं, म्हणून मधलंच. पुढं पीक महिन्याचं झालं की डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्यांना, सुती दोरी गच्च गुंडाळून त्या रिकाम्या जागेत डवरा धरायचा. छान सरी पडते. ओळी कमी झाल्या म्हणून घरचे आधी बोलतात, पण काठाच्या ओळींना ऊन-वारा मिळतो, झाड फांद्या धरतं. फवारणीला मधून चालताही येतं, पीक तुडवलं जात नाही.

यजमानभाऊ, तुमच्या एकरात अर्धं बीबीएफ आणि अर्धं पट्टापेर घ्या. ज्याच्याकडं ट्रॅक्टर नाही त्यालाही काही नेता आलं पाहिजे.

मांजराकाठ | २२ एप्रिल, दुपारी १:३०

मधलं दातं बंद करायची गोष्ट आत्ताच दोघांना सांगून आलो. आमच्याकडं सात फणीच बहुतेक आहे. काका, एक शंका. गेल्या सप्टेंबरात सरीचं पाणी बांध फोडून खालच्या रानात गेलं म्हणून दोन भावकींत वाद झाला होता. सरीचं तोंड कुठं काढायचं?

निवृत्त_कृस | २२ एप्रिल, दुपारी ३:१५

उताराला आडवी पेरणी, अगदी थोडा ढाळ, आणि सगळ्या सऱ्यांचं पाणी एका चरात घेऊन ओढ्याला किंवा शेततळ्याला. चराच्या तोंडाशी दगड लावा किंवा गवत वाढवा, नाहीतर तिथूनच घळ पडते. हे एका शेताचं काम नाही. पेरणीआधी समितीनं वरच्या-खालच्या रानवाल्यांना घेऊन शिवारफेरी करावी आणि पाणी कुठून कुठं जाणार ते जागेवर ठरवावं. शेतीशाळेचा एक वर्ग यालाच द्या. आणि हलकी, मुरमाड जमीन असेल तिथं बीबीएफचा आग्रह धरू नका, तिथं पाणी तसंही साचत नाही.

तेरणाकाठची | २२ एप्रिल, रात्री ८:५०

सगळं वाचलं. अजून एकानंही विचारलं नाही की वर्गाला बसणार कोण.

आमच्या गावातली शेतीशाळा सकाळी अकराला असायची. त्या वेळी बाया खुरपायला गेलेल्या असतात. वर्गात पुरुष बसले आणि त्यांना सांगितलं गेलं की तण कधी काढावं, बीजप्रक्रिया कशी करावी. बी चोळतं कोण? टोकण करतं कोण? पानावरची अळी आधी दिसते ती वाकून काम करणाऱ्या बाईला. यादी मात्र सातबाऱ्यावरून होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात महिला खातेदार १४ टक्क्यांच्या आसपासच होत्या. म्हणजे यादी तशीच केली तर काम करणारी बहुतेक माणसं बाहेर राहणार.

आपल्या भागात याचं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरबांधणीच्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था लातूर-धाराशिवच्या बायकांमध्ये रुजली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी एक एकराचं मॉडेल आणलं. घरातल्या बाईनं नवऱ्याकडं एकच एकर मागायचं, कधी अर्धाच. त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या, सगळं मिसळून, आधी घरच्या खाण्यासाठी आणि उरलं तर विकायला. एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागतं. शिकवणाऱ्याही गावातल्याच बाया. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक या कामाला मिळालं.

हवामान बदललं की आधी घरातल्या ताटात फरक पडतो. सोयाबीन गेलं तर पैसा जातो, पण डाळ आणि भाजीही विकत आणावी लागते आणि ती कोण कमी खातं हे सांगायला नको. म्हणून दादा, तुमच्या शेतीशाळेत फक्त सोयाबीन ठेवू नका. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ठेवा, बांधाला मूग-उडीद-भाजी ठेवा. आणि बायकांचा वर्ग संध्याकाळी घ्या, नाहीतर रानातच खुरपणीच्या जागेवर घ्या.

मांजराकाठ | २२ एप्रिल, रात्री ९:४०

ताई, मुद्दा पटला. तुरीचं ठरलं. बदनापूरची बीडीएन ७११ लवकर निघते, तीच घेतो. वर्गाची वेळ आईला आणि बचत गटाच्या अध्यक्षांना विचारून ठरवतो.

चिमटा_आणि_भिंग | २३ एप्रिल, सकाळी ११:२०

परभणीला कृषी कीटकशास्त्र शिकतेय. शेतीशाळेचं मूळ कुठलं ते कळलं तर तिचं खरं काम काय तेही लक्षात येईल, म्हणून लिहिते.

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा कहर झाला होता. फवारे वाढवले तसे तुडतुडे वाढत गेले, कारण फवाऱ्यानं तुडतुडे खाणारे कोळी आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीनं शेतकऱ्याला शेत वाचता येत नाही. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं जावा बेटावर शेतातच हंगामभर भरणारे वर्ग सुरू झाले. आपल्याकडं २००८ मध्ये सोयाबीनवर अळीनं हाहाकार केला, त्यानंतर कीड सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प आला आणि शेतीशाळा त्यालाही जोडल्या गेल्या.

वर्गात खरं तर शिक्षकानं कमी बोलायचं असतं. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटानं शेतातली दहा झाडं बघायची. उंची, पानं, फुलं, शेंगा, किडी किती, मित्रकीटक किती, मातीत ओल किती खोलवर आहे, आकाश कसं आहे. मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर मधोमध सोयाबीनचं झाड काढायचं, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र. शेवटी गटानं स्वतः सांगायचं: या आठवड्यात फवारायचं की थांबायचं, आणि का. दुसऱ्या गटाला पटलं नाही तर त्यानं खोडून काढायचं. माझ्या मते शेतीशाळेचा जीव या वादात आहे. हवामान दरवर्षी वेगळं येणार. पुस्तकातलं वेळापत्रक तेव्हा कामाला येत नाही, पण बघून ठरवायची सवय लागली असेल तर ती दर वर्षी कामाला येते.

एक प्रयोग जरूर करा. पीक तीन-चार आठवड्यांचं असताना एखादं पिवळं पडलेलं झाड उपटा आणि ब्लेडनं खोड उभं चिरा. आत लालसर नागमोडी वाट दिसली तर ती खोडमाशीची अळी. बाहेरून ओल कमी पडली असंच वाटतं आणि लोक खत टाकतात. पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी ओळीखाली पांढरं कापड अंथरून झाडं हलवा. फुलोऱ्याआधी मीटरभर ओळीत तीन-चार लहान अळ्या मिळेपर्यंत फवारणीची घाई नको.

बेडवाला | २३ एप्रिल, रात्री ९:००

बीबीएफ दर वर्षी नव्यानं पाडण्यापेक्षा कायमचे गादीवाफे करा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेलं एसआरटी, शून्य मशागतीचं तंत्र, आता सोयाबीन-कापसालाही लोक वापरतात. एकदा बेड पाडले की नांगर नाही, वखर नाही. पीक जमिनीलगत कापायचं, मुळं आत कुजू द्यायची. मुळांच्या पोकळ्यांतून पाणी मुरतं, गांडुळं येतात. गेल्या पुरात माझ्या शेजारचं नांगरलेलं रान खरवडून गेलं, बेडवरची माती बरीच जागेवर राहिली.

चिमटा_आणि_भिंग | २३ एप्रिल, रात्री ९:४५

मातीबद्दल पूर्ण मान्य. पण तणाचं काय? बहुतेक ठिकाणी ग्लायफोसेट मारलं जातं. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं आहे. शेतीशाळेत आपण ते शिकवणार का?

बेडवाला | २३ एप्रिल, रात्री १०:१०

पहिली दोन वर्षं तण जड जातं हे खरं आहे. मी आता कापून तिथंच आच्छादन करतो, मजुरी वाढते. पण नांगरटीचं डिझेल वाचतं ते कुणी धरत नाही.

निवृत्त_कृस | २४ एप्रिल, सकाळी ६:५०

दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, पण नव्या यजमानाच्या पहिल्याच हंगामात हे घालू नका. बेडची एक पट्टी कडेला करा, लोकांना बघू द्या.

ढगफुटी_नोंद | २४ एप्रिल, दुपारी १२:०५

हवामानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. हवामान खात्याची कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येते, विजेसाठी दामिनी ॲप आहे. जिल्हास्तरावरच्या कृषी हवामान केंद्रांमुळे तालुक्यापुरता सल्ला मिळू लागला होता. ती १९९ केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली, हे शेतकऱ्याचं मोठं नुकसान आहे असं माझं स्पष्ट मत आहे. महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक आहे. मंडळ मोठं असतं. तिथं पाऊस पडतो आणि आपल्या शिवारात धूळ उडते, किंवा उलटं.

म्हणून गावाचं पर्जन्यमापक गावातच हवं. विकतचं नसेल तर बुडाला आणि तोंडाला सारखाच रुंद असा सरळ डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवा. सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा, डबा रिकामा करा. शाळेतली मुलं हे मनापासून करतात. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि व्हॉट्सॲप गटावर टाका. ७५ मिलिमीटर झाला की नाही, हा वाद मग राहत नाही.

धुऱ्यावरून | २४ एप्रिल, रात्री ८:३०

आणि पावसानं ताण दिला की त्याच आठवड्यात जादा वर्ग घ्या, ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. कोळपणी किंवा डवरणी करून भेगा बुजवणं, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट दहा लिटरला १०० ग्रॅम फवारणं, शेततळ्यात पाणी असेल तर शेंगा भरताना एक ओलित. माणूस तेव्हाच सगळ्यात जास्त ऐकतो. शेततळ्याबद्दल मात्र गावात आधीच ठरवा. पावसाचं वाहतं पाणी धरायला तळं आहे. विहिरीतून उपसून तळं भरायला लागले तर शेजाऱ्याची विहीर आटते.

मांजराकाठ | १९ मे, रात्री ८:१५

मंडळी, पहिला वर्ग झाला. आठवड्यापूर्वी मारुतीच्या पारावर गोणपाटं मांडली होती, आज सगळ्यांसमोर उघडली. वेळ संध्याकाळी ठेवल्यामुळं बायका पुरुषांपेक्षा जास्त आल्या. एका पोत्याचे शंभरात ऐंशीच्या वर कोंब, दुसऱ्याचे चाळीसही नाहीत, आणि ते दुसरं पोतं गावात सगळ्यात चांगलं दिसणारं होतं. बरीच पोती साठ ते सत्तरच्या मध्ये अडकली आहेत. त्यांचं काय करायचं, असं सगळे विचारतायत. नवं बी घेण्याइतके पैसे बऱ्याच घरांत नाहीत.

निवृत्त_कृस | १९ मे, रात्री ९:३०

साठ ते सत्तरमधलं बी वापरता येतं, प्रमाण वाढवून. नेहमीच्या मात्रेला ७० नं गुणायचं आणि आलेल्या उगवणीनं भागायचं. ६० टक्के उगवण असेल तर सपाट पेरणीला ३० ऐवजी ३५ किलो, बीबीएफला २२ ऐवजी साधारण २६ किलो. साठच्या खालचं बी पेरू नका, भुसारात विका. ज्यांची ऐंशीच्या वर आहे त्यांच्याकडं जादा पोती असतील तर समितीनं आत्ताच बोलून ठेवावं, जूनमध्ये भाव वाढतो. आणि ती पोती सिमेंटच्या फरशीवर आदळू देऊ नका, फळीवर ठेवा, एकावर एक सात-आठच्या वर थप्पी नको. आज ऐंशी टक्के असलेलं बी नीट हाताळलं नाही तर पेरणीपर्यंत साठावर येतं.

तेरणाकाठची | १९ मे, रात्री १०:०५

दादा, बीजप्रक्रियेच्या वर्गाला हातमोजे आणि तोंडाला बांधायला कापड आणायला सांगा. बुरशीनाशक उघड्या हातानं चोळतात आमच्याकडं. आणि त्या दिवशी लहान मुलांना घमेल्यापासून लांब ठेवायला एक जण नेमा.

मांजराकाठ | १९ मे, रात्री १०:२०

सांगतो. वर्ग ३० तारखेला आहे, संध्याकाळी सहाला, बचत गटाच्या ओट्यावर. कळंब-वाशी भागातल्या कुणाला यायचं असेल तर जरूर या.